दुरुस्त करूनही पुन्हा बिघडणारा गाडीतील आवाज : दोष नेमका कुठे शोधावा

ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यात रोजचे दोन-अडीच तास गाडीत काढणाऱ्यांची स्टिरिओबद्दलची तक्रार बहुधा एकाच वळणाची असते. आवाज बिघडतो, दुकानात नेल्यावर सुधारतो आणि महिना-दोन महिन्यांत, विशेषतः पहिल्या दोन-चार जोरदार पावसांनंतर, पुन्हा पूर्वीसारखाच होतो. प्रत्येक फेरीत एखादी नवी वस्तू गाडीत बसते. आधी स्पीकर बदलले जातात, मग स्टिरिओ, मग ॲम्प्लिफायर, आणि शेवटी ‘फिल्टर’ म्हणून एक छोटी डबी तारेत जोडली जाते. या प्रत्येक कामात जुने कपलर (तारा एकमेकींना जोडणारे प्लग) काढले-घातले जातात, बोल्ट सैल होऊन पुन्हा आवळले जातात आणि तेवढ्याने काही दिवस आवाज स्वच्छ येतो. श्रेय मात्र नव्या वस्तूला मिळते.

जळालेला स्पीकर महिनाभर बरा राहून पुन्हा जळत नाही. जो दोष जातो आणि परत येतो, तो सहसा सांध्यांत असतो : अर्थिंगच्या, म्हणजे काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या बोल्टखाली, स्टिरिओचा सिग्नल ॲम्प्लिफायरपर्यंत नेणाऱ्या आरसीए तारेच्या टोकाशी, दरवाजाच्या पत्र्यातील उघड्या भोकात किंवा स्पीकरखालच्या ओल धरलेल्या रिंगेत. म्हणून नवी खरेदी करण्याआधी दोषाची जागा निश्चित करणे हाच पैसे वाचवणारा मार्ग आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक साधा मल्टिमीटर, पान्ह्यांचा संच, पॉलिश पेपर आणि घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो तो दीड व्होल्टचा सेल.

आधी कानाने वर्गवारी

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शक्यतो रात्री शांतता असताना उभी करावी. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवावी, स्टिरिओ लावून गाणे थांबवावे आणि व्हॉल्यूम निम्म्यापर्यंत वाढवावा. या स्थितीत केवळ बारीक सरसर ऐकू आली तर ती ॲम्प्लिफायरच्या गेनची, म्हणजे स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवणी करणाऱ्या कळीची, सरसर असते. त्यानंतर इंजिन सुरू करावे. आता शिट्टीसारखा ‘कूं’ आवाज आला आणि ॲक्सिलरेटर दाबताच त्याची पट्टी वर चढली, तर तो विद्युत दोष आहे. इंजिन सुरू असो वा बंद, गाणे लावल्यावर ठरावीक सुरांनाच खडखड होत असेल तर दोष यांत्रिक आहे, म्हणजे पत्रा, प्लॅस्टिक किंवा सैल स्क्रू. आवाज मोठा केल्यावरच फाटत असेल तर तो ताकदीचा आणि गेनचा प्रश्न आहे. आवाज फाटत नाही, खडखडतही नाही, परंतु पोकळ आणि बेसविना वाटतो, तेव्हा बहुतेक वेळा तारांची उलटापालट किंवा दरवाजाची पोकळी कारणीभूत असते.

याच वेळी गाण्याचा उगमही बदलून पाहावा. ब्लूटूथवर बिघडलेला आवाज पेन ड्राइव्हवर स्वच्छ येत असेल, तर स्पीकरला हात लावण्याचे कारण नाही. ब्लूटूथ लावताना फोनचा स्वतःचा व्हॉल्यूम कमाल पातळीच्या जवळ ठेवावा आणि फोनमधील इक्वलायझर व ‘सराउंड’ प्रकारच्या सर्व सुधारणा बंद कराव्यात, कारण फोन आणि स्टिरिओ या दोघांनीही बेस वाढवला की आवाज सुरुवातीलाच फाटतो. गाणे अचानक टेलिफोनमधून ऐकू आल्यासारखे बसके झाले, तर फोन संगीताऐवजी कॉलच्या जोडणीवर अडकलेला असतो. ब्लूटूथ तोडून पुन्हा जोडावे. फक्त एफएमवरच खरखर येत असेल तर सिगारेट लायटरच्या खोबणीतील चार्जर आणि डॅशकॅम काढून पाहावा. स्वस्त चार्जरमधील स्विचिंग सर्किट एफएमच्या पट्ट्यात भरपूर गोंधळ घालते. कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा बसवल्यानंतर एफएम अशक्त झाला असेल, तर अँटेनाच्या बूस्टरला १२ व्होल्ट पोहोचवणारी तार जोडायची राहून गेली आहे का, ते बसवणाऱ्याला विचारावे.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी

हा दोष सर्वांत जास्त पैसे खातो, म्हणून त्याचे मूळ समजून घेणे योग्य ठरेल. अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून गाडीसाठी वीज बनवणारे यंत्र) मुळात एसी, म्हणजे दिशा बदलणारी, वीज निर्माण करतो आणि त्याच्या आतील डायोड तिचे एकाच दिशेच्या डीसीमध्ये रूपांतर करतात. हे रूपांतर पूर्ण गुळगुळीत नसते. त्यावर बारीक लहर उरते. तीन फेजच्या, १२ ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये प्रत्येक फेऱ्याला अशा ३६ लहरी निघतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असताना अल्टरनेटर पट्ट्यामुळे त्याच्या साधारण अडीचपट वेगाने फिरत असेल, तर ही लहर सुमारे १,२०० हर्ट्झची होते आणि इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेले की ती ४,५०० हर्ट्झपर्यंत पोहोचते. माणसाचा कान नेमका याच टप्प्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. लहर अगदी किरकोळ असली तरी ती गाण्याच्या तारेत शिरली की ऐकू येते, ती यामुळे.

ती शिरते कुठून, हा खरा प्रश्न आहे. स्टिरिओचे अर्थिंग डॅशबोर्डमागे आणि ॲम्प्लिफायरचे अर्थिंग डिकीत असते. या दोन जागांमध्ये व्होल्टेजचा थोडा जरी फरक असेल, तरी विजेला परतण्यासाठी आरसीए तारेचे बाहेरचे आवरण हा दुसरा रस्ता मिळतो आणि त्या रस्त्याने जाणारा प्रवाह गाण्यात मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. डिकीतील अर्थिंग जितके कच्चे, तितका हा फरक मोठा. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून पुढे गाडी इंचाइंचाने सरकत असते तेव्हा एसी, हेडलाइट, वायपर आणि मागच्या काचेचा डीफॉगर असा सगळाच भार एकाच वेळी चालू असतो, इंजिन मात्र मंद गतीवर असते. अल्टरनेटरवर ताण येऊन लहर वाढते, आणि मोकळ्या रस्त्यावर ऐकू न येणारी शिट्टी कोंडीत नेमकी कानावर येते.

आमच्या ऐरोलीतील सोसायटीत एका शेजाऱ्यांच्या हॅचबॅकमध्ये ही शिट्टी दर पावसाळ्यात परतत असे. त्यांनी स्टिरिओ बदलला होता, आरसीए तार महागडी घेतली होती, आणि शेवटी एका वायरमनने “साहेब, फिल्टर टाकून देतो, आवाज जाईल” असे सांगून ग्राउंड लूप आयसोलेटर बसवला होता. शिट्टी दबली, पण बेसही उतरला, कारण स्वस्त आयसोलेटरमधील छोटा ट्रान्सफॉर्मर खालचे सूर नीट पुढे जाऊ देत नाही. डिकीतील कार्पेट उचलल्यावर ॲम्प्लिफायरची काळी तार ट्रिमच्या एका पातळ पत्र्याच्या स्क्रूला जोडलेली दिसली. स्क्रू फिरवताच लगखाली, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्याखाली, पांढरट भुकटी निघाली. लगच्या आकाराचे गोल चिन्ह पत्र्यावर उमटले होते, मात्र त्या गोलात गाडीचा रंग जवळजवळ शाबूत होता. धातूला धातू टेकला होता तो केवळ स्क्रूच्या आट्यांपाशी. मागच्या दिव्याच्या रबरातून झिरपणारे पाणी स्टेपनीच्या खोबणीत साचत होते आणि त्याची ओल त्या आट्यांपर्यंत पोहोचत होती. दरवर्षी जून-जुलैतच दोष का उगवतो, याचे उत्तर तिथे होते.

दुरुस्ती अशी केली. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी सोडवले. शेजारी जाड पत्र्यावर, सीटच्या ब्रॅकेटजवळ, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला. तार ४५ सेंटिमीटरपेक्षा आखूड केली, नवा लग पक्कडीने नुसता न दाबता क्रिंपरने दाबला, दातेरी वॉशर घालून नट-बोल्ट घट्ट आवळला आणि आवळून झाल्यावरच वरून पेट्रोलियम जेली लावली. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. तो जीव वाचवण्यासाठी दिलेला असतो आणि त्याच्या आवळणीत ढवळाढवळ योग्य नाही. दिव्याचे रबर बदलून झिरपाही बंद केला, कारण ओल तशीच राहिली असती तर नवा सांधाही कालांतराने त्याच वाटेने गेला असता.

या कामात मोजमाप महत्त्वाचे असून ते बहुधा चुकीच्या पद्धतीने घेतले जाते. अर्थिंगचा रोध ओहममध्ये मोजून “०.२ दाखवतो, ठीक आहे” असे सांगितले जाते. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध तेवढा असतो. सांध्यात ०.०५ ओहम इतकाच रोध असला आणि त्यातून २० अँपिअर वाहत असले, तर १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि ओहमचे मापन हा दोष पकडू शकत नाही. त्याऐवजी इंजिन सुरू ठेवून, एसी व हेडलाइट लावून आणि गाणे मोठ्याने वाजवून, मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे ॲम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलवर लावावे. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगले आहे. शेजाऱ्यांच्या गाडीत आधी तो ०.६ होता, नंतर ०.०४ झाला, आणि आयसोलेटर काढून टाकला तरी शिट्टी आली नाही.

अर्थिंग चांगले असूनही शिट्टी उरली तर पायरीपायरीने मागे जावे. स्टिरिओ व ॲम्प्लिफायर दोन्ही बंद करून आरसीए तारा ॲम्प्लिफायरपासून काढाव्यात आणि मग चालू करावे. शिट्टी गेली नाही तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये, त्याच्या वीजपुरवठ्यात किंवा स्पीकरच्या तारांत आहे. शिट्टी गेली, तर चार्जरला न लावलेला फोन छोट्या तारेने थेट ॲम्प्लिफायरला जोडून पाहावा. आवाज स्वच्छ आला तर दोष आरसीए तारेत किंवा स्टिरिओत आहे. आरसीए तार जाड पॉवर केबलला चिकटून एकाच बाजूने डिकीत नेली असेल, तर ती उचलून गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या पट्टीखालून न्यावी. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थ मार्गावर आत एक सूक्ष्म फ्यूज असतो आणि स्टिरिओ चालू असताना तारा काढल्या-घातल्या की तो उडतो. त्याची शंका असल्यास आरसीएच्या बाहेरच्या कड्याला एक तार गुंडाळून तिचे दुसरे टोक स्टिरिओच्या धातूच्या पेटीला टेकवावे. शिट्टी तत्काळ थांबली तर निदान झाले. म्हणूनच तारा काढण्याआधी सर्व बंद करणे आवश्यक आहे.

एक शक्यता मात्र दुकानाच्या आवाक्याबाहेरची आहे. अल्टरनेटरमधील एखादा डायोड गेला असेल तर लहर कित्येक पटींनी वाढते. इंजिन सुरू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर एसी व्होल्टमध्ये लावल्यास चांगल्या अल्टरनेटरला ०.१ व्होल्टपेक्षा कमी आकडा दिसतो. अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसला तर गाडी स्टिरिओवाल्याकडे न नेता ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.

बेस हरवतो तेव्हा

नवे स्पीकर बसवल्यावर “आधीचेच बरे होते” असे वाटण्यामागे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे चारपैकी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या जाणे. एका दरवाजातील स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे गेला, की खालचे सूर एकमेकांना खोडून काढतात. परीक्षा सोपी आहे. बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवावा. एकेका बाजूला बेस भरीव वाटतो आणि मध्यावर आणताच तो नाहीसा होतो, तर जोडणी उलटी आहे. खात्रीसाठी स्पीकर ॲम्प्लिफायरपासून किंवा स्टिरिओच्या कपलरपासून पूर्ण सोडवावा आणि दीड व्होल्टचा सेल त्याच्या तारांना क्षणभर टेकवावा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लागले असेल तर कोन बाहेर येतो. ट्वीटरवर, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर, हा प्रयोग करू नये. बाहेरच्या स्टिरिओंच्या रूढ रंगपद्धतीत पांढरी तार पुढील डाव्या, करडी पुढील उजव्या, हिरवी मागील डाव्या आणि जांभळी मागील उजव्या स्पीकरची असते आणि काळ्या रेषेची तार त्या-त्या जोडीतील ऋण असते. ही ऋण तार बॉडीला अर्थ करणे चुकीचे आहे. त्यामुळे स्टिरिओचे आउटपुट जळू शकते.

तारा बरोबर असूनही बेस पोकळ असेल, तर दरवाजाकडे वळावे. स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे तितकीच उलट लाट निर्माण होते. दरवाजाच्या आतल्या पत्र्यात कारखान्याने ठेवलेली हाताच्या पंजाएवढी भोके असतात आणि त्यांवर केवळ पातळ प्लॅस्टिक चिकटवलेले असते. मागची लाट त्या भोकांतून केबिनमध्ये येते व पुढच्या लाटेला मारते. ती भोके बंद केल्याने होणारी सुधारणा, माझ्या अनुभवाने, तेवढेच पैसे घालून अधिक महाग स्पीकर घेऊन होणाऱ्या सुधारणेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. दुकानदार मात्र स्पीकर विकण्यास अधिक उत्सुक असतात, कारण दरवाजा उघडून अर्धा दिवस घाम गाळण्यात त्यांना फारसे काही मिळत नाही.

यासाठी ॲल्युमिनियमचा थर असलेली, साधारण २ मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल शीट वापरावी. बाहेरच्या पत्र्याला आतून पूर्ण झाकण्याची गरज नसते. स्पीकरच्या मागे आणि पत्र्याच्या मधोमध मिळून पाव ते एक-तृतीयांश भाग झाकला तरी पत्र्याचा ‘टण्ण’ आवाज ‘ठप’ असा बसका होतो. आतल्या पत्र्यावरील भोके मात्र सर्व बंद करावीत; मोठ्या भोकांवर आधी पातळ ॲल्युमिनियमचा तुकडा स्क्रूने लावून त्यावर शीट चिकटवावी, म्हणजे काच किंवा लॉकची दुरुस्ती निघाल्यास तो काढता येतो. गच्ची गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त म्हणून वापरू नये. मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत ती मऊ होते, वास सोडते आणि शेवटी घसरून काचेच्या यंत्रणेत अडकते. शीट लावण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा आणि रोलरने दाबावे.

येथे आपल्या हवामानाचा विचार सर्वांत आधी करायला हवा. दरवाजाच्या काचेच्या फटीतून पावसाचे पाणी आत उतरणे हे सामान्य आहे; गाडीची रचनाच तशी असते आणि तळाशी दिलेल्या छोट्या छिद्रांतून ते बाहेर जाते. उत्साहाने ही शीट लावताना ही छिद्रे बुजली तर दरवाजाच्या तळाशी पाणी साचते, वळणावर ते खळखळते आणि दोन पावसाळ्यांत पत्रा खालून गंजतो. मूळ प्लॅस्टिकचा पडदा काढला असेल तर पाणी केबिनच्या बाजूला येणार नाही, अशा रीतीने शीटच्या कडा नीट बंद कराव्यात. स्पीकरखाली एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या फळीची) रिंग असेल तर ती पाणी पिऊन फुगते, तिच्यातील स्क्रू सैल होतात आणि ‘नवा स्पीकर पावसाळ्यात खडखडू लागला’ ही तक्रार जन्माला येते. रिंग एबीएस प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची घ्यावी, तिच्या दोन्ही बाजूंना फोमची पट्टी लावावी आणि स्पीकरच्या चुंबकावर वरून पाणी पडत असेल तर छज्जासारखी फोमची टोपी बसवावी.

खडखड शोधण्यासाठी गाण्यांचा उपयोग होत नाही. ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच सूर मध्यम आवाजात लावावा आणि कुणाला तरी बाहेरून हात टेकवत फिरायला सांगावे. ज्या सुराला खडखड होते तो थांबवून ठेवला की जागा लगेच सापडते. दरवाजातील लॉकच्या सळया, हॅचबॅकमधील मागचा पार्सल ट्रे आणि नंबरप्लेट हे नेहमीचे संशयित आहेत. सळयांना फेल्टची टेप गुंडाळावी. उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदाच लागणाऱ्या लॉकने बसवलेली असल्याने ती काढण्याचा प्रयत्न करू नये; तिच्या कडेखालून फोमची पट्टी सरकवली तरी पुरते.

फाटणारा आवाज आणि खोक्यावरील आकडे

स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असे छापलेले असते. १४.४ व्होल्टवर आणि ४ ओहमच्या स्पीकरवर आतील ॲम्प्लिफायर सलगपणे न फाटता सुमारे १८ ते २० वॉटच देऊ शकतो. छापलेला आकडा क्षणिक शिखराचा असतो. त्यामुळे ‘६० वॉट आरएमएस’ची, म्हणजे ६० वॉट सलग ताकदीची, गरज असलेले स्पीकर थेट स्टिरिओवर जोडून व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला, की आवाज फाटणारच. बेस बूस्टची कळ हे संकट वाढवते. आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट ताकद लागते, ६ डेसिबलला चौपट आणि १० डेसिबलला दहापट. बेस १० डेसिबलने चढवणारा मनुष्य १८ वॉटच्या यंत्राकडे १८० वॉट मागत असतो.

वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर त्यावरील गेन हा व्हॉल्यूम नव्हे, ही गोष्ट दुकानांतही विसरली जाते. तो स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवण्यासाठी असतो. स्पीकर सोडवून, इक्वलायझर सपाट ठेवून आणि फिल्टर बंद करून स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर न्यावा व पूर्ण पातळीचा १०० हर्ट्झचा सूर वाजवावा. साध्या मीटरचे एसी मापन वरच्या कंपनांवर भरवशाचे नसते, म्हणून हा खालचा सूर. ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर किती व्होल्ट हवेत, ते वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून कळते : ५० वॉट व ४ ओहम असतील तर १४.१ व्होल्ट, ७५ वॉट असतील तर १७.३ व्होल्ट. गेन शून्यापासून वाढवत त्या आकड्याला थांबावे. बहुतेक गाड्यांत सुरुवातीला आढळलेली सरसर या एका दुरुस्तीने निम्म्यावर येते, कारण दुकानातून गेन बहुधा शेवटपर्यंत पिळलेला येतो.

एवढे करूनही मोठ्या आवाजात हेडलाइट ठोक्याबरोबर लुकलुकत असतील, तर पॉवर केबल तपासावी. तयार किटमध्ये पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. तिच्या एका धाग्यावर ब्लेड फिरवल्यास आतून पांढरा धातू दिसतो. त्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत तिचा रोध दीडपटीहून अधिक असतो, आणि खाडीलगतच्या खारट, दमट हवेत तिच्या उघड्या टोकांवर ऑक्साइड लवकर साचते. तार शुद्ध तांब्याची घ्यावी. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे, आणि इंजिन व केबिनमधील पत्र्यातून तार आत येते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. तो नसेल तर पत्र्याची धार कालांतराने आवरण कापते आणि आग लागण्याचा धोका निर्माण होतो. या दोन गोष्टी दिसत नसतील तर आवाजाचा विचार बाजूला ठेवून आधी त्या करून घ्याव्यात.

शेवटी जुळवणी

दोष निघाल्यानंतरच सेटिंगला हात लावावा. सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) असेल तर दरवाजाच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचे सूर देऊ नयेत आणि सबवूफरला ८० हर्ट्झच्या वरचे. इक्वलायझरमध्ये हवे ते वाढवण्यापेक्षा खुपणारे कमी करावे. बंद काचांच्या छोट्या केबिनमध्ये १०० ते २०० हर्ट्झचा भाग बहुधा घुमतो आणि तो ३ डेसिबलने उतरवला की शब्द सुटे ऐकू येतात. भीमसेन जोशी यांच्या अभंगातील टाळ आणि पखवाज वेगळे कळू लागले की जुळवणी योग्य मार्गावर आहे, असे मी समजतो.

टाइम अलाइनमेंटची, म्हणजे सर्व स्पीकरचा आवाज कानापर्यंत एकाच वेळी पोहोचवण्याची, सोय असेल तर एक गोष्ट आवर्जून पाहावी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, परंतु काही स्टिरिओंवर मूळ निवड डाव्या सीटची असते. उजवा स्पीकर कानापासून ८५ सेंटिमीटरवर आणि डावा १३० सेंटिमीटरवर असेल, तर ४५ सेंटिमीटरचा फरक पडतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्याला साधारण १.३ मिलिसेकंद उशीर द्यावा. गायक उजव्या गुडघ्याजवळून उठून समोर डॅशबोर्डवर येतो. ट्वीटर समोरच्या खांबावर लावायचे झाल्यास मात्र तिथून कर्टन एअरबॅग जाते का, ते आधी पाहावे आणि तिच्या वाटेत स्क्रू किंवा तार आणू नये. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ तारा न कापता त्या मॉडेलचे तयार कपलर वापरावेत.

पार्किंगमध्ये केलेली जुळवणी रस्त्यावर पातळ वाटते, कारण टायर व रस्त्याची घरघर खालच्या सुरांचीच असते आणि ती बेसला झाकते. नेरुळ ते बेलापूर असा पाम बीच रोडचा तुकडा सकाळी लवकर, वेगमर्यादेच्या आत चालवत शेजारी बसलेल्याकडून सबवूफरची पातळी २-३ डेसिबलने वाढवून पाहावी. हीच पातळी तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबताच जड वाटेल. दोन्हीसाठी एकच मध्यम सेटिंग शोधत बसण्यापेक्षा स्टिरिओमध्ये कोंडीसाठी एक आणि मोकळ्या रस्त्यासाठी एक, असे दोन प्रीसेट जतन करून ठेवावेत.